टेप घ्या, पोट मोजा: मेटाबॉलिक सिंड्रोमचा धोका घरच्या घरी कसा ओळखायचा

"वजन तेवढंच आहे हो, फक्त पोट थोडं सुटलंय." हे वाक्य प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हणत असतंच, तर हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. आमच्या घरात दोघांना शुगर निघाली, माझ्याही रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) वर गेलेले, आणि मग या विषयात शिरल्यावर लक्षात आलं की कंबरेचं माप नीट घेणं बहुतेकांना माहीतच नसतं. एका हेल्थ कॅम्पमध्ये तर शर्टावरून, बेल्टवरून, खिशातल्या मोबाईलसकट टेप फिरवलेली मी डोळ्यांनी पाहिलीये. तेव्हापासून घरातल्यांची मापं मीच घेते, आणि आता सोसायटीतल्या बायकाही विचारायला येतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

आधी थोडक्यात, हे आहे काय

पाच गोष्टी असतात: पोटाचा घेर, बीपी, उपाशीपोटीची शुगर, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. यातल्या कुठल्याही तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. प्रत्येक गोष्ट एकेकटी बघितली तर "थोडीशीच जास्त आहे" वाटते, पण तिन्ही एकत्र आल्या की पुढे डायबेटिस आणि हार्टचा धोका चांगलाच वाढतो. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी यातल्या बहुतेक गोष्टी एकत्र का येतात ते मांडलं होतं, आणि त्याच्या मुळाशी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, आहे असं सांगितलं होतं.

पाचपैकी चार गोष्टींना मशीन किंवा लॅब लागते. पाचवीला शिंप्याची टेप पुरते, आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी दिसते तीही हीच.

पोटावरची चरबी दोन प्रकारची असते. एक कातडीखालची, जी चिमटीत येते आणि जिच्यावर आपण वैतागतो. दुसरी आत, आतड्यांभोवती, ती चिमटीत येत नाही, पोट घट्ट टणक लागतं आणि लोक वर कौतुकाने सांगतात की "बघ कसं कडक आहे". खरी कटकट ही आतली. तिच्यातून सुटलेली फॅटी ॲसिड्स रक्तवाहिनीने थेट लिव्हरकडे जातात, लिव्हर त्यातून जास्तीचे ट्रायग्लिसराइड्स बनवत बसतं, स्वतःमध्येही चरबी साठवतं, इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि असं वर्षानुवर्षं गुपचूप चालू राहतं. शुगर रिपोर्टमध्ये दिसायला लागते तेव्हा हे सगळं बऱ्यापैकी जुनं झालेलं असतं.

मग नुसतं वजन का पुरत नाही

याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता, एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त! काट्यावर दोघं सारखेच, आत मात्र एकाकडे स्नायू आणि दुसऱ्याकडे चरबी.

याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांमधली बाळंही मोजली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळीकडून बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू कमी, पण पाठीवरची कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे "हातपाय काड्या आणि पोट पुढे" ही ठेवण नुसत्या वडापावने आलेली नाही, ती जन्माआधीपासूनची आहे. वडापाव त्यात आपली भर घालतो, ते वेगळं.

त्यामुळे आपल्यासाठी काट्यापेक्षा टेप जास्त कामाची. आता कामाला लागू.

१. सामान जमवा

- शिंप्याची टेप, १५० सेंटीमीटरची, न ताणली जाणारी. घरातल्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली जुनी कापडी टेप असेल तर आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा, वर्षानुवर्षं ओढून ओढून ती ताणलेली असते आणि मग माप कमी दाखवते. टोकाची पत्र्याची क्लिप निघाली असेल तर सरळ फेकून द्या, नवी फार महाग नसते.
- बॉलपेन किंवा काजळाची पेन्सिल, अंगावर खूण करायला.
- मोठा आरसा.
- उंचीसाठी सरळ भिंत आणि मुलांच्या कंपासमधला गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक.
- वजनकाटा, आणि असेल तर दंडावर बांधायचं बीपी मशीन.
- वही. मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल पण तारीख टाका.
- आणि एक माणूस. स्वतःचं स्वतः घेता येतं, पण पाठीमागे टेप कुठे गेली हे दिसत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो.

मापं सेंटीमीटरमध्येच घ्या. सगळ्या मर्यादा सेंटीमीटरमध्ये आहेत, इंचातून बदलताना माणूस हमखास आपल्या सोयीने राउंड करतो.

२. वेळ आणि कपडे

सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याच्या आधी. रात्री जेवून मोजलं तर त्यात तुमचं जेवणही मोजलं जातं. बायकांनी पाळीच्या आसपासचे दिवस टाळा, पोट फुगलेलं असतं.

टेप कातडीवर टेकायला हवी. पुरुषांचं सोपं आहे, बनियन वर करायचं आणि पँट किंवा लुंगी खाली सरकवायची. घरातल्या मोठ्या बायकांना संकोच वाटतो, त्यांना पातळ सुती गाऊनवरून मोजलं तरी चालेल, फक्त दर वेळी तशाच कपड्यांवरून मोजा. परकराची नाडी आणि निऱ्या मात्र सोडायलाच लागतील. आमच्या सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "माझं माप ब्लाऊजवाल्याकडे आहे की, त्याला विचार." ब्लाऊजवाल्याकडे छातीचं माप असतं, पोटाचं नाही!

जाता जाता, परकराच्या नाडीबद्दल एक. नाडी रोज बांधायची, रोज थोडी सैल करायची, त्यामुळे घेर वाढत गेला तरी कुणाला कळत नाही. लेगिंग्स आणि ट्रॅक पँटचं इलॅस्टिक तसंच. पुरुषांचं वेगळंच, त्यांची पँट वर्षानुवर्षं ३४ ची ३४ राहते कारण पँट हळूहळू पोटाच्या खाली उतरते. वर पोट कितीही वाढो, खाली ३४ फिट्ट बसते. शिवाय रेडिमेडवाले लेबलवर आकडा कमी टाकतात ते वेगळंच. म्हणून पँटचा नंबर म्हणजे कंबरेचं माप नाही, हे डोक्यात पक्कं बसवा.

३. उंची

चप्पल काढून, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर गुण्या असा ठेवा की त्याची एक बाजू भिंतीला चिकटेल आणि दुसरी डोक्यावर आडवी बसेल, मग भिंतीवर खूण करून जमिनीपासून मोजा. भिंतीला खाली टाइल्सची पट्टी बाहेर आलेली असेल तर दुसरी भिंत शोधा. कॉलेजच्या ओळखपत्रावरची उंची वापरू नका, विशेषतः पन्नाशीनंतर, कारण पाठीचा कणा दबून उंची कमी झालेली असते.

४. कंबर, सगळ्यात महत्त्वाचं माप

इथे घाई नको.

आधी जागा शोधायची. बगलेतून सरळ खाली एक रेघ कल्पा. त्या रेघेवर बोटं दाबत खाली या, जिथे शेवटची बरगडी संपते तिथे पेनने टिंब. मग खालून वर या, कुल्ल्याच्या हाडाचा वरचा काठ हाताला लागेल, तिथे दुसरं टिंब. अंग भरलेलं असेल तर हाड पटकन सापडत नाही, अशा वेळी समोरच्याला थोडं बाजूला वाकायला सांगा आणि जरा जोरात दाबून चाचपा. दोन टिंबांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा, म्हणजे अंतर आठ सेंटीमीटर असेल तर चारावर. दोन्ही बाजूंना हेच करा. टेप जाणार ती या मधल्या खुणांवरून. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत हीच आहे.

बेंबीवरून मोजू नका. पोट सुटलं की बेंबी खाली उतरते, दर माणसाला ती वेगळ्या जागी असते आणि वजन कमी-जास्त झालं की त्याच माणसात पुन्हा हलते. हाडं हलत नाहीत.

आता पाय जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात बाजूला सैल. टेप फिरवा आणि आरशात किंवा मागे जाऊन बघा की ती जमिनीला समांतर आहे का. मागे टेप हमखास खाली घसरते. टेप अंगाला टेकलेली हवी पण कातडीत रुतायला नको, टेप काढल्यावर वळ दिसला तर तुम्ही आवळलीत.

आणि श्वास! टेप पोटाला लागली की पुरुष आपोआप पोट आत घेतात, अगदी आजारी माणूससुद्धा घेतो. "सोडा" म्हटलं की "सोडलंय की" म्हणतात. यावर माझा उपाय म्हणजे त्यांना बोलतं ठेवायचं, क्रिकेट, पाऊस, गावाकडची जमीन, काहीही. दोन-तीन साधे श्वास जाऊ द्या आणि श्वास सहज बाहेर पडून थांबतो त्या क्षणी आकडा वाचा. जोर लावून पोट बाहेर काढायचं नाही, आतही घ्यायचं नाही.

टेप काढा, पुन्हा लावा, पुन्हा वाचा. दोन आकड्यांत एक सेंटीमीटरच्या आत फरक असेल तर सरासरी लिहा. जास्त असेल तर दोन्ही खोडा आणि परत सुरू करा, "मधला धरू" असं नको.

५. आकडा वाचायचा कसा

दोन कसोट्या लावायच्या.

पहिली: पुरुष ९० सेंटीमीटर, बायका ८० सेंटीमीटर. तेवढं किंवा त्याहून जास्त असेल तर पाचातली एक टिक पडली. ही दक्षिण आशियाई लोकांसाठीची मर्यादा आहे. परदेशी ॲपवर किंवा जुन्या चार्टवर १०२ आणि ८८ दिसेल, ती अमेरिकेतली २००१ सालची मर्यादा, तिच्यावर विसंबलात तर आपल्यातले कित्येक जण खुशाल पास होतील. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांनी हे खास लक्षात ठेवा, देश बदलला म्हणून मर्यादा बदलत नाही, ९० आणि ८० च धरायचे. भारतातल्या तज्ज्ञांनी त्याच्याही आधीची एक पायरी सांगितलीये, पुरुष ७८ आणि बायका ७२, इथून पुढे वजन वाढू द्यायचं नाही.

दुसरी: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये लोकांना हाच सल्ला दिला. कंबर भागिले उंची, उत्तर ०.५ च्या खाली तर ठीक, ०.५ ते ०.५९ वाढलेला धोका, ०.६ आणि वर जास्त धोका. गणित नको असेल तर एक दोरी उंचीएवढी कापा, मध्ये दुमडा आणि कंबरेभोवती पुरते का बघा.

दोन्ही कसोट्या का लावायच्या ते उदाहरणाने सांगते. आमचे एक भाऊजी आहेत, वय ४७, बँकेत. उंची १६२.५ म्हणजे ५ फूट ४ इंच, वजन ६० किलो, कंबर ८८. बीएमआय येतो २२.७, म्हणजे नॉर्मल. कंबर ९० च्या आत, तिथेही पास. पण उंचीचं निम्मं होतं ८१ आणि कंबर ८८, म्हणजे ०.५४. इथे नापास. बुटक्या पुरुषांना ९० ची मर्यादा फार ढिली पडते, आणि आपल्याकडे बुटके पुरुष कमी का आहेत! तसंच पाच फुटांच्या बाईचं निम्मं ७६ च येतं, तिने ८० ची वाट बघत बसू नये.

माझ्या मते दोन्हीपैकी एकात जरी नापास झालात तरी पुढच्या पायऱ्या करायच्या.

६. नितंबांचं माप

टेलर ज्याला सीट म्हणतो ते. बाजूने बघून सगळ्यात जास्त फुगीर जागा शोधा, टेप आडवी ठेवून मोजा. कंबर भागिले नितंब: पुरुषांमध्ये ०.९० आणि बायकांमध्ये ०.८५ च्या वर गेलं तर धोका. भाऊजींचे नितंब ९३, म्हणजे ८८ भागिले ९३, आले ०.९५. पुन्हा नापास.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, ही दोन मापं पहिल्यांदाच घेतली गेली आणि या कसोटीवर देशातल्या निम्म्याहून जास्त बायका आणि जवळपास निम्मे पुरुष धोक्याच्या बाजूला निघाले. मी मात्र या मापाला दुय्यम धरते, कारण व्यायामाने किंवा वजन उतरल्याने दोन्ही मापं एकदम कमी झाली तर भागाकार तिथेच राहतो आणि माणूस उगाच नाराज होतो.

७. बीएमआय

वजन किलोमध्ये, भागिले उंची मीटरमध्ये, पुन्हा भागिले उंची. आपल्यासाठी २३ च्या खाली ठीक, २३ ते २४.९ जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. बाहेरच्या चार्टमध्ये हेच २५ आणि ३० असतं. एवढंच, यात जास्त अडकू नका. पाय ठेवला की चरबीचे टक्के दाखवणारे काटे मिळतात, ते पाणी प्यायलात की वेगळं सांगतात आणि अंघोळीनंतर वेगळं, त्यावरून निर्णय घेऊ नका.

८. मान बघा, नुसती मोजू नका

मानेच्या मागे, कॉलर जिथे घासते तिथे, काळपट आणि मखमलीसारखा जाडसर पट्टा आहे का? बगलेतही बघा. आपल्याकडे याला मळ समजून आया पोरांच्या माना दगडाने, बेसनाने, लिंबाने घासघासून लाल करतात आणि तो काही जात नाही, कारण तो मळ नसतोच. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की तिथली कातडी अशी जाड आणि काळी होते. त्याच भागात बारीक लोंबते मस असतील तर तेही सांगून ठेवा. हे दिसलं तर टेपचा आकडा काहीही असो, डॉक्टरांना दाखवायचं. मुलांमध्ये तर नक्कीच.

मानेचा घेरही मोजतात, पुरुषांमध्ये साधारण ३७ आणि बायकांमध्ये ३४ सेंटीमीटरच्या वर असेल तर वजन जास्त असण्याची शक्यता धरतात. भरपूर घोरणं, मध्येच श्वास अडकून उठणं असं काही असेल तर हे माप लिहून डॉक्टरांना दाखवा. एरवी नाही घेतलं तरी चालेल.

९. मापांवरून स्कोअर काढा

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या टीमने २००५ मध्ये इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर काढला, रक्त न काढता १०० पैकी मार्क देता येतात. मेटाबॉलिक सिंड्रोमचा हा थेट स्कोअर नाही, डायबेटिसचा आहे, पण आपल्या कामाचा.

- वय: ३५ च्या आत ०, ३५ ते ४९ ला २०, ५० पासून ३०.
- कंबर: बायका ८० च्या आत, पुरुष ९० च्या आत असेल तर ०. बायका ८० ते ८९, पुरुष ९० ते ९९ असेल तर १०. त्याच्या वर २०.
- हालचाल: नियमित व्यायामही आणि कष्टाचं कामही असेल तर ०. दोन्हीपैकी एकच असेल तर २०. व्यायाम नाही आणि काम बैठं असेल तर ३०.
- आईवडिलांना डायबेटिस: कुणालाच नाही ०, एकाला १०, दोघांना २०.

६० आणि वर म्हणजे जास्त धोका, ३० ते ५० मध्यम. आता भाऊजी बघा: वयाचे २०, कंबरेचे ०, बैठं काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०, आईला शुगर म्हणून १०. बेरीज ६०. कंबरेला शून्य मिळूनसुद्धा! इथे लोक हालचालीच्या रकान्यात फसवतात, "मी दिवसभर घरकाम करते" किंवा "स्टेशनपर्यंत चालतो" याला व्यायाम धरून मार्क कमी करून घेतात. करा बापडे, नुकसान कुणाचं.

आशाताई घरी येऊन तीस वर्षांपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यातही कंबरेचं माप याच ८०-९० आणि ९०-१०० च्या टप्प्यांवर असतं, आणि त्या फॉर्मचा स्वतःचा वेगळा स्कोअर चारच्या वर गेला की तपासणीला आधी बोलावतात. त्या आल्या की "नंतर या" म्हणून परत पाठवू नका.

१०. आता बीपी आणि रक्त

टेप नुसती सांगते की तपासणी करा. निदान इथे होतं. घेऊन जायचं सामान: तुमची वही, जुने रिपोर्ट असतील तेवढे, चालू गोळ्यांची चिठ्ठी किंवा रिकामी पाकिटं, आईवडील-भावंडांपैकी कुणाला काय आणि कितव्या वर्षी निघालं त्याची नोंद. सरकारी आरोग्य केंद्रात जाणार असाल तर आधार किंवा आभा (सरकारी हेल्थ खात्याचा) नंबर जवळ ठेवा, बीपी आणि शुगर तिथे फुकट बघतात.

लॅबमध्ये दोनच टेस्ट मागा, फास्टिंग शुगर आणि लिपिड प्रोफाइल (ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल यातच येतात). रात्रीचं जेवण आठ-नऊला उरका, सकाळी फक्त पाणी. ६० टेस्टचं पॅकेज गळ्यात मारायला बघतील, सुरुवातीला गरज नाही. बीपी घेण्याआधी पाच मिनिटं गप्प बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. जिना चढून धापा टाकत घेतलेलं बीपी धरू नका.

मग टिक मारा:

- कंबर पुरुष ९०, बायका ८० किंवा जास्त
- बीपी १३० / ८५ किंवा जास्त, वरचं किंवा खालचं कुठलंही एक वाढलं तरी टिक
- फास्टिंग शुगर १०० किंवा जास्त
- ट्रायग्लिसराइड्स १५० किंवा जास्त
- एचडीएल पुरुष ४० च्या खाली, बायका ५० च्या खाली

पाचपैकी तीन झाल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम.

सापळे तीन. एक, बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर रीडिंग नॉर्मल आलं तरी टिक मारायचीच, ते गोळीने आलेलं नॉर्मल आहे. दोन, काही लॅबच्या रिपोर्टवर एचडीएलची खालची मर्यादा सगळ्यांना ४० च छापलेली असते, त्यामुळे ४४ वाल्या बाईला वाटतं आपलं मस्त आहे. तीन, "कंबर ९० च्या आत म्हणजे सुटलो". २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशनने कंबर कम्पल्सरी ठेवली होती, पण २००९ मध्ये त्यांनी आणि इतर बऱ्याच मोठ्या संस्थांनी मिळून ती अट काढली, आता कुठल्याही तीन चालतात. भाऊजींचं बीपी १२६ / ८० आलं, ठीक. फास्टिंग १०४, ट्रायग्लिसराइड्स १९०, एचडीएल ३६. झाल्या तीन, कंबरेची टिक न पडताच. ऑफिसच्या चेकअपमध्ये बीएमआयसमोर हिरवी खूण असल्यामुळे त्यांनी पुढचं पान उलटलंच नव्हतं.

तीन टिक आल्या तर फिजिशियन गाठा, रिपोर्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून काढे गोळा करू नका. एक किंवा दोन आल्या तरी दाखवून ठेवा.

११. परत कधी मोजायचं

दोन-तीन महिन्यांनी. तीच टेप, तीच सकाळची वेळ, शक्यतो तोच मोजणारा माणूस. रोज मोजू नका, दोन सेंटीमीटर तर गॅसेसनेही इकडे तिकडे होतं. चालायला आणि थोडं वजन उचलायला लागलात तर पहिल्या काही महिन्यांत काटा हलत नाही आणि टेप हलते, असं पुष्कळदा होतं, म्हणून वहीत दोन्ही लिहा. वहीचे रकाने: तारीख, कंबर, कंबर भागिले उंची, वजन, बीपी, कुठल्या गोळ्या चालू. बस्स.

कुणी या मापांवर जाऊ नये

गरोदर बायका आणि नुकत्याच बाळंत झालेल्या. पोटाचं ऑपरेशन झालेले, मोठा हर्निया असलेले, गर्भाशयात मोठ्या गाठी असलेल्या बायका. लहान मुलांना ९० आणि ८० चे आकडे लावायचे नाहीत, त्यांचे वयानुसार वेगळे तक्ते असतात, बालरोगतज्ज्ञांना विचारा. पाठीला बाक आलेल्या आजी-आजोबांची उंची चुकीची येते, तिथे फक्त कंबर बघा.

आणि पोट जर काही आठवड्यांतच फुगलं असेल, पायांवर सूज असेल, हातापायांचं मांस उतरत चाललं असेल, तर ती चरबी नाही, पोटात पाणी साठलेलं असू शकतं. तिथे टेप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.